पुढच्या चाकांचं लॉक

साताऱ्यात मी ज्या गॅरेजात सहा वर्षं काढली, तिथं एक माणूस होता. त्याचा मी जितका हेवा केला, तितका आजवर कुणाचाच केला नाही. धाकट्या भावाच्या वाट्याला विहिरीलगतचं रान गेलं आणि माझ्या वाट्याला माळ आला, तेव्हासुद्धा माझ्या पोटात असं दुखलं नव्हतं.

त्यांना सगळे मेजर म्हणत. ते लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आमच्याकडे पेन्शनीत निघालेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. लष्करात त्यांनी गाड्या चालवल्या होत्या आणि दुरुस्तही केल्या होत्या, त्याही ईशान्येकडच्या डोंगरांत, जिथं रस्ता म्हणजे नुसता कापलेला कडा. मी तोंडावर त्यांना अहो-जाहो करत असे. मनातल्या मनात मात्र कायम एकेरी. आता लिहायला बसलो तर हातातून अहो-जाहोच येतंय. असू दे.

मी सांगलीहून डिप्लोमा करून आलेला. कृष्णाकाठच्या त्या शहरात तीन वर्षं खोली घेऊन राहिलो आणि ड्रॉईंगमध्ये पहिला आलो. गॅरेजच्या मालकांनी मला हेडमिस्त्री म्हणून घेतलं, टेबल दिलं, खुर्ची दिली. चारच महिन्यांनी मेजर आले. त्यांना टेबल नको होतं, खुर्ची नको होती. पायात चप्पलसुद्धा नको होती. ते अनवाणीच हिंडत. तेल सांडलेलं असो, लोखंडाचा कीस पडलेला असो, त्यांना काही होत नसे. मालक एकदा म्हणाले, "आवं मेजर, निदान रबरी चप्पल तरी घाला." तर मेजर म्हणाले, "मालक, चप्पल घातली की जमीन बोलायची बंद व्हती."

असल्या वाक्यांवर लोक खूश होत. गिऱ्हाईक आलं की माझ्या टेबलापुढून सरळ मेजरांच्या पायांकडे जाई. पायांकडे म्हणायचं कारण, बाकीचे मेजर कुठल्या तरी गाडीखाली असत.

त्यांच्या तऱ्हा किती सांगाव्या. गिअरचं तेल बदलायचं की नाही हे ते वास घेऊन ठरवत. बोटावर घेऊन चोळत, नाकाशी नेत, आणि एखाद्या वैद्यासारखे डोळे मिटून उभे राहत. दुपारची भाकरी ते गाडीखालीच आडवे होऊन खात, "वरनं काय तरी गळत असंल तर जेवताना कळतं" म्हणून. कुणी गाडीला शिवी दिली तर त्याचं काम करत नसत. एका दूधवाल्यानं त्याच्या टेम्पोला लाथ मारली, तर मेजरांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "आदी तिची माफी माग." त्या माणसानं खरंच मागितली! टेम्पोच्या बॉनेटवर हात ठेवून. मी टेबलाशी बसून बघत होतो आणि माझ्या मनात आलं, मी सांगितलं असतं तर त्यानं मलाच लाथ घातली असती.

पण सगळ्यात विचित्र सवय वेगळीच होती. नादुरुस्त जीप आली की मेजर बॉनेट उघडत नसत. आधी विचारत, "ही रोज कुटं जाती?" आणि रस्ता अवघड आहे असं कळलं, की सुट्टी टाकून तो रस्ता स्वतः चालून येत. अनवाणी. मग येऊन सांगत की गाडीला काय झालंय. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असे, हे मला सांगावं लागतंय.

घरी तरी सुटका होती का? एका रविवारी मी त्यांना जेवायला नेलं, तेही मालकांनी सुचवलं म्हणून. बायकोच्या स्टोव्हचा आवाज ऐकून मेजर उठले, पिन मागितली आणि दोन मिनिटांत स्टोव्ह असा पेटवला की निळी ज्योत नुसती फुलासारखी. बायको त्या स्टोव्हबद्दल सहा महिने माझ्या कानीकपाळी ओरडत होती. त्यानंतर भाताची खरवड, जी लग्न झाल्यापासून माझी होती, ती डब्यात घालून बायको मला म्हणायची, "ही मेजरांना द्या हं, त्यांना आवडते." आणि मी ती नेऊन देत असे.

आता लॉकाची गोष्ट.

जावळीच्या डोंगरात एक डॉक्टरबाई होत्या. पुण्याच्या. बहात्तरच्या दुष्काळात मदतीला म्हणून आल्या आणि तिथंच राहिल्या. वरच्या वाड्यांमध्ये त्या एकट्या जीप घेऊन जात. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती, चारी चाकांना इंजिनचा जोर जाणारी. तरी पावसाळ्यात ती एका ठरावीक चढावर अडकायचीच.

का अडकायची ते थोडक्यात सांगतो. गाडी वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. त्यासाठी दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं, ते दोघांना आपापल्या गतीनं फिरू देतं. रस्त्यावर ही सोय. चिखलात मात्र हीच खोड, कारण एक चाक घसरलं की सगळा जोर त्या घसरणाऱ्या चाकालाच जातो आणि घट्ट जमिनीवरचं दुसरं चाक नुसतं उभं राहतं. लॉक बसवलं की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि गाडी निघते. मागच्या चाकांना असं लॉक मेजरांनी आधीच्या वर्षी बसवलं होतं, भंगारातल्या लष्करी ट्रकचे भाग जुळवून. त्याची कीर्ती पार मेढ्यापर्यंत गेली होती.

त्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टरबाई गॅरेजात आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मागच्या लॉकनं फरक पडला, पण पुरेसा नाही. चढावर पुढची चाकं फिरत राहतात. पुढेही लॉक बसवता येईल का?"

मेजर जीपखालून बाहेर आले. "बगतो," म्हणाले, आणि दोन दिवस नाहीसे झाले. चढ चालून बघायला गेले होते. तिसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत लाल माती घेऊन परतले आणि डॉक्टरबाईंना म्हणाले, "बाई, पुडं लॉक नको. चढ संपला की लगीच डाव्या अंगाला वळण हाय. पुडची दोनी चाकं बांदली की स्टेरिंग ऐकायचं न्हाई. गाडी नाकासमूर जाणार, आन नाकासमूर दरी हाय. त्यापरास त्या चढावर दगडं ठोकून सोलिंग करू."

मी टेबलाशी बसून ऐकत होतो. मला संधी दिसली. इतकी लख्ख संधी मला आधी कधी दिसली नव्हती. मी खडू घेतला आणि फरशीवर पुढच्या एक्सलचं चित्र काढलं. दोन्ही चाकं एकत्र बांधणारं दातेरी कडं कुठं बसेल, दांडा चालकाच्या गुडघ्याशी कसा येईल, सगळं दाखवलं. म्हणालो, "चढापुरता दांडा टाकायचा, वळणाआधी काढायचा. दांडा काढला की स्प्रिंग कडं मागं ओढेल, चाकं मोकळी. यात अडचण काय आहे?"

मेजर चित्राभोवती फिरले. त्यावर पाय पडू नये म्हणून जपून. मग म्हणाले, "चित्र बेस हाय गड्या. पर चित्रात उतार न्हाई, चिक्कल न्हाई. आन घाबरलेला मानूस न्हाई."

"मेजर, बाई घाबरणाऱ्या वाटतात का तुम्हाला?"

डॉक्टरबाई हसल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे, आणि विचारलं, "तुम्ही कराल?"

पुढचे पाच आठवडे मी माणसात नव्हतो. मेजरांनी दुसऱ्याच दिवशी एका फौजी ट्रकचं दातेरी कडं आणून माझ्या टेबलावर ठेवलं. "ह्ये चालतंय का बग, पोलाद चांगलं हाय." मी ते हातातही घेतलं नाही. बस पकडून सांगलीला गेलो, माझ्या जुन्या निदेशकांच्या वर्कशॉपमध्ये स्वतः लेथवर उभा राहिलो आणि नवं कडं करून आणलं. त्यात मेजरांचं काही नसावं, एवढंच मला हवं होतं.

आणि ते लॉक चाललं. श्रावणात त्या चढावर जीप अशी चढली, की वाडीतली माणसं बांधावर उभी राहून ओरडली म्हणे. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी पाठवली. फलटणहून, कराडहून लोक बघायला आले. मी दहा दिवस टेबलाशी बसलो नाही, गॅरेजच्या दारातच उभा होतो.

बाई जीप गॅरेजात घेऊन आल्या, तेव्हा मेजर तिच्याखाली तासभर पडून होते. बाहेर आले तेव्हा केसांत माती होती. सगळ्यांसमोर म्हणाले, "लय भारी काम. मला जमलं नसतं रं."

मी आनंदानं फुलायला हवं होतं. पण मला आठवतंय, मी सरळ टेबलाशी जाऊन बसलो. ते किती सहज बोलले. मी त्यांच्या कुठल्याही कामाला असं म्हणू शकलो असतो का? शक्य नव्हतं. जिंकल्यावरसुद्धा ते माझ्यापेक्षा मोठेच राहिले होते.

भाद्रपदात, गौरी गेल्यानंतर, सकाळी निरोप आला. डॉक्टरबाईंची जीप दरीच्या कडेला अडकलीय.

मी आणि मेजर मालकांच्या गाडीनं गेलो, शेवटचे तीन मैल चालत. वाटेत वाडीतल्या माणसांनी सांगितलं ते असं. आदल्या दिवशी दुपारी बाई एका अडलेल्या गरोदर बाईला आणायला वर निघाल्या होत्या. चढ चढल्या. वळणावर जीप वळलीच नाही. सरळ जाऊन पुढचं एक चाक कड्याबाहेर गेलं आणि गाडीचं पोट एका जांभ्या खडकावर टेकलं, म्हणून वाचल्या. मनगट मोडलं. तशाच अवस्थेत वर चालत गेल्या. आठ माणसांनी घोंगड्याच्या झोळीतून त्या अडलेल्या बाईला खाली आणलं. वाटेतच मुलगी झाली, एका गोठ्यात. दोघी सुखरूप होत्या.

डॉक्टरबाई जीपपाशीच बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. मी आधी आत डोकावलो. दांडा काढलेला होता. मला त्याच क्षणी कळलं. बाईंनी दांडा काढला होता, पण चाकांवर ताण असल्यानं कड्याचे दात एकमेकांत घट्ट रुतून बसले होते आणि माझ्या स्प्रिंगला ते सुटले नव्हते. चित्रात ते सुटत होते.

बाई म्हणाल्या, "मी दांडा काढला होता. म्हणजे, मला वाटतं काढला होता. की आपटल्यावर माझाच हात लागून निघाला? रात्रभर आठवतेय, नक्की सांगता येत नाही." मग थोड्या वेळानं, खाली बघून, "ती बाई गाडीत असती तर? आता गाडी चालवायची हिंमत नाही हो माझ्यात. पुण्याला परत जावं म्हणते."

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तुम्ही काढला होता, बाई. ते वाक्य मी गिळलं. बाईंना स्वतःचीच चूक वाटत होती, आणि मी ती तशीच वाटू देत होतो. ही बाई निघून गेली तर त्या वाड्यांचं काय, हे मला समजत नव्हतं असं नाही.

मेजर गाडीखालून बोलले, "बाई, दांडा तुमी काडलावता."

"कशावरून?"

"दातावरनं. हितं बोट लागतंय माजं. टोकाला ताजं घासलंय, म्हंजी दांडा निगाल्यावर बी चाकं फिरत व्हती. कडं अजून आडकूनच बसलंय. तुमचा दोष न्हाई, लॉकाचा हाय." मग बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "आन लॉक आमी दोघांनी केलंय."

आम्ही दोघांनी! ज्या माणसानं नको म्हणून सांगितलं, ज्याचं कडं मी हातातसुद्धा घेतलं नाही, त्यानं माझ्या चुकीतला अर्धा वाटा उचलला. बाईंनी डोळे पुसले. त्यांनी मेजरांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी विसरलेलो नाही. बाई पुण्याला गेल्या नाहीत. आणि मी? मला हायसं वाटलं का? मला राग आला. वाटलं, निदान माझी चूक तरी माझी राहू द्यायची होती.

आम्ही जीप खाली आणली. गॅरेजात आल्यावर मेजर म्हणाले, "आता काडून टाकू नको. रोग कळला, आता औशद कर." मी त्याच आठवड्यात लॉक काढलं, भंगारात फेकलं आणि बाईंना कळवलं की ते दुरुस्त होण्यासारखं नाही. ते खोटं होतं. दिवाळीनंतर नोकरी सोडून मी सांगलीला गेलो आणि हळदीच्या पेठेजवळ स्वतःचं छोटं गॅरेज काढलं.

औषध मात्र मी शोधलं. हळदीची पोती वाहणारे टेम्पो दुरुस्त करता करता डोक्यात तेच चालू असायचं. एके दिवशी लक्षात आलं. दातांच्या कडा काटकोनात ठेवायच्या नाहीत, केसभर तिरप्या घासायच्या. मग कितीही ताण असला तरी दांडा काढताच कडं निसटतं. एवढंच. मी ते कुणालाही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी, भर दुपारी, मेजर माझ्या गॅरेजच्या दारात उभे. एसटीनं आलेले, अनवाणी, हातात पिशवी.

"तुज्याकडं शिकायला आलोय," म्हणाले.

डॉक्टरबाईंच्या चढावर मेजरांनी वाडीच्या लोकांकडून दगडाचं सोलिंग करून घेतलं होतं. ते पावसानं वाहून गेलं होतं. पुन्हा केलं, पुन्हा गेलं. "तवा मी नको म्हनलो ते चुकलंच माजं," मेजर म्हणाले. "त्यो चढ लॉकाबिगर व्हत न्हाई. बाईंनी परत इचारलंय. तू कसं केलंवतंस त्ये सांग."

गॅरेजात माझी दोन माणसं काम करत होती. त्यांच्यासमोर मेजर खाली फरशीवर बसले आणि मी खुर्चीवर. मी वही काढली. दांडा, स्प्रिंग, कड्याची जाडी, पोलाद कसं तापवायचं, पाणी कसं द्यायचं, सगळं सांगितलं. मेजर मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "आनि काय ऱ्हायलं का?"

"नाही," मी म्हणालो. "एवढंच."

ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, घरी बायको कशी आहे ते विचारलं आणि स्टँडकडे निघून गेले. मी त्यांच्या तळपायांकडे बघत राहिलो.

दोन दिवस मी ढकलले. जेवण जाईना. बायकोनं विचारलं तर तिच्यावर ओरडलो. डोळ्यांपुढे सारखं ते वळण यायचं, बाहेर लोंबणारं चाक यायचं, आणि या वेळी जीपमध्ये मागं एक बाई झोपलेली असायची. तिसऱ्या दिवशी सकाळची साताऱ्याची गाडी पकडली. गॅरेजात शिरलो तर डॉक्टरबाईंची जीप उभी, आणि खाली ते ओळखीचे पाय.

मी वाकलो. "मेजर, एक सांगायचं राहिलं."

"दात तिरपं घासायचं, ह्येच न्हवं?"

त्यांनी गाडीखालून हात बाहेर काढला. हातात नवं कडं होतं. दातांच्या कडा केसभर तिरप्या, अगदी मी केल्या असत्या तशा.

"तुजं जुनं लॉक मी भंगारातनं उचलून ठिवलंवतं," मेजर म्हणाले. "दात कुटं घासल्यात त्ये बगितलं, तवाच ध्येनात आलं. वरीस झालं."

"वर्ष झालं? मग सांगलीला कशाला आलात?"

"आरं, काम तुजं हाय. तुला न इचारता कसं करू?"

"मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं," मी म्हणालो. या वेळी वाक्य गिळलं नाही.

गाडीखाली पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

"व्हय," मेजर म्हणाले. "आन सांगाया सांगलीवरनं आलास. आता आत ये. येकट्याला ह्ये धरवत न्हाई."

त्या दिवशी माझा हेवा गेला असं लिहायला मला आवडलं असतं. तो गेला नाही. मेजर वारल्याला आता बरीच वर्षं झाली, तरी तो पुरता गेलेला नाही. पण मी चपला काढल्या, बाह्या वर सारल्या आणि त्यांच्या शेजारी जमिनीवर उताणा झालो. मी कडं धरलं. त्यांनी बोल्ट लावला आणि माझ्याकडे न बघता हात पुढं केला.

"नऊ-सोळाचा पाना दे."

मी दिला.